आधी पंचनामा, मग रीस्टार्ट

इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्राला फोन लावला की पलीकडचा मुलगा नाव-नंबर लिहून होण्याआधीच सांगतो, "सर, राउटर एकदा बंद करून चालू करा." आपण ते आधीच करून बसलेलो असतो. तरी त्याच्या समाधानासाठी पुन्हा करतो, आणि पुष्कळदा नेट येतंही. तक्रार निकालात निघते. चार दिवसांनी पुन्हा तेच.

हा सल्ला लागू पडतो, हीच त्यातली अडचण आहे.

घरी छोटासा सर्व्हर चालवणाऱ्या मंडळींसाठी तर हा सल्ला विषासमान मानावा, असं माझं मत आहे. ही मंडळी आता बरीच झाली आहेत. कुणाचा सर्व्हर अडगळीतल्या लॅपटॉपवर चालतो, कुणाचा रॅस्पबेरी पाय या छोट्या संगणकावर. २०२१ नंतर पायचा तुटवडा पडला, तेव्हा अनेकजण ऑफिसांतून निघालेल्या वापरलेल्या मिनी पीसींकडे वळले. त्यावर घरचे फोटो असतात, सिनेमे असतात, जाहिराती गाळणारं पाय-होल असतं, दिवे-पंखे सांभाळणारं होम असिस्टंट असतं.

हे सगळं कशासाठी, असं विचारलं की पहिलं उत्तर येतं, "पैसे वाचतात." गुगल फोटोजने १ जून २०२१ पासून फुकट अमर्याद साठवण बंद केली, तेव्हापासून हे उत्तर जास्तच ऐकू येतं. जरा हिशेब करा. दहा वॉट खाणारं यंत्र वर्षभर अखंड चालवलं तर साधारण ८८ युनिटं होतात. जुना डेस्कटॉप साठ वॉट खात असेल तर सव्वापाचशे. वर हार्ड डिस्क, आणि त्या डिस्कची प्रत ठेवायला दुसरी डिस्क. बचतीचा मुद्दा सोडून दिलेला बरा. आपला मजकूर आपल्याच घरात राहावा, या म्हणण्यात अधिक दम आहे. पण माझ्या लेखी या छंदाची खरी कमाई वेगळीच आहे. इथला बिघाड आपल्या मालकीचा असतो. नोकरीत सर्व्हर बसला तर तो आधी उठवावा लागतो, बिघाडाचं कारण नंतर शोधायचं असतं आणि ते 'नंतर' बहुधा येत नाही. घरी मात्र बिघाड तासभर तसाच ठेवून त्याच्याभोवती फिरता येतं.

आणि नेमकं तेच आपण करत नाही. पंचनाम्याआधी खोली धुऊन काढावी तसं पहिलं बटण दाबतो ते रीस्टार्टचं.

खोली धुतली जाते म्हणजे काय होतं, याचं अगदी शब्दशः उदाहरण रॅस्पबेरी पायमध्येच आहे. त्याला पाच व्होल्ट लागतात. चार्जर हलका असला किंवा केबल बारीक असली की जोर पडल्यावर हा दाब घसरतो. साधारण ४.६३ व्होल्टच्या खाली गेला की पाय स्वतःच खूण करून ठेवतो, की सुरू झाल्यापासून एकदा तरी वीज कमी पडली होती. ही खूण यंत्र चालू असेपर्यंतच टिकते. रीस्टार्ट केलं की पाटी कोरी. मग संशय मेमरी कार्डावर जातो, नवं कार्ड येतं, तेही काही महिन्यांत खराब होतं, आणि चार्जर मात्र भिंतीवर निर्दोष लटकत राहतो. घरगुती राउटरांचंही तसंच. त्यांतल्या बहुतेकांच्या नोंदी तात्पुरत्या मेमरीत असतात. वीज काढली की साक्षीदार गेला.

याहून फसवा प्रकार म्हणजे रीस्टार्टने बरं वाटणारा बिघाड. मागच्या खोलीत रेंज येत नाही म्हणून कपाटातला जुना राउटर काढला, मुख्य राउटरची केबल त्यात खुपसली, वायफायला नाव दिलं. त्यातलं डीएचसीपी बंद करायचं राहिलं. आता घरात पत्ते वाटणारे दोघे झाले. फोनने "मला पत्ता द्या" अशी हाक मारली की जो आधी उत्तर देईल त्याचा पत्ता फोन घेतो. मुख्य राउटरने दिला तर नेट चालतं. जुन्याने दिला तर तो बाहेरच्या दाराचा पत्ता म्हणून स्वतःचाच देतो, आणि त्याच्यामागे भिंत. म्हणून आईचा फोन चालतो, बाबांचा चालत नाही, टीव्ही सकाळी चालतो, रात्री नाही. वैतागून सगळं बंद करून चालू केलं, तर सुस्त जुना राउटर उठेपर्यंत सगळ्यांनी मुख्य राउटरकडून पत्ता घेतलेला असतो. "बघ, झालं ना!" दुसऱ्या दिवशी फोन बाहेर जाऊन परत आले की सोडत पुन्हा नव्याने. खरं तर चालणारा फोन आणि न चालणारा फोन शेजारी धरून दोन्हींच्या वायफाय सेटिंगमध्ये 'गेटवे'चा आकडा वाचला असता तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्यासाठी एक फोन बिघडलेला असायला हवा ना!

केबलची गोष्ट मला सगळ्यात आवडते, कारण ती एका आकड्यात कळते. इथरनेटच्या केबलमध्ये आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. शंभर मेगाबिटच्या वेगाला दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार प्लगमध्ये नीट दाबली गेली नसेल तर जोडणी तुटत नाही. यंत्रं आपसात ठरवून मुकाट्याने शंभरवर उतरतात. घरात तीनशेचा प्लॅन आणि केबलवर वेग मोजला की दर वेळी ९४ च्या आसपास. वर नाही, खाली नाही. अशा वेळी कंपनीशी भांडू नये, प्लग कापून नवा क्रिम्प करावा. वायफायचा वेग सदैव वरखाली होतो. इतका स्थिर आकडा दिसला की समजावं, तारेतच कुठेतरी छत लागलं आहे. पुण्यात तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला आठ दिव्यांचा केबल टेस्टर मिळतो. या छंदात पहिली खरेदी त्याची असावी, मोठ्या डिस्कची नव्हे.

खालून वर जावं, एवढीच रीत. आधी दिवे बघायचे. मग स्वतःच्या राउटरला पिंग. मग बाहेरच्या एखाद्या आकडी पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला. आणि शेवटी नावाने. आकड्याला उत्तर येतं पण नावाला येत नाही, म्हणजे रस्ता शाबूत आहे आणि पत्ता सांगणारा झोपला आहे. पाय-होल असलेल्या घरात नावांचे पत्ते तेच सांगतं, म्हणून तिथे "नेट गेलं" याचा अर्थ फार वेळा हाच असतो. चालू असलेला व्हॉट्सॲप कॉल चालूच राहतो, नवी साइट मात्र उघडत नाही, ही त्याची ठळक खूण.

काही गोष्टी तर कितीही बंद-चालू करा, बदलणार नाहीत. बाहेरगावाहून घरचा सर्व्हर उघडत नाही म्हणून लोक आठवडे घालवतात, राउटरमध्ये पोर्ट उघडतात, पुन्हा उघडतात. आधी राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता वाचावा. तो १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही कंपनीच्या सामायिक पत्त्यामागे आहात. सुमारे ४२९ कोटी जुन्या (आयपीव्ही४) पत्त्यांचा जागतिक साठा फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून संपला, आणि २०१२ मध्ये हा पट्टा खास अशा सामायिक वापरासाठी राखून ठेवला गेला. तिथे तुमच्या उघड्या पोर्टपर्यंत कुणी पोचतच नाही. आयपीव्ही६ वापरा, नाहीतर वायरगार्डसारखा बोगदा बाहेरच्या एखाद्या भाड्याच्या यंत्रावरून काढा. मला विचाराल तर हा अडथळा नवशिक्यांच्या हिताचाच आहे. २०१६ च्या मिराई या घुसखोर प्रोग्रामने घरोघरचे कॅमेरे आणि राउटर साठेक ठरीव पासवर्ड वापरून ताब्यात घेतले होते, आणि त्या ऑक्टोबरात त्यांच्याच जोरावर डाइन (Dyn) या कंपनीची नावं शोधून देणारी यंत्रणा कोलमडवली गेली. मिराई फक्त मेमरीत राहत असे. कॅमेरा बंद करून चालू केला की तो स्वच्छ होई. पासवर्ड तोच असला की काही मिनिटांत पुन्हा तोच पाहुणा घरात.

रीस्टार्टची बाजूही मांडायला हवी. स्वस्त राउटरमध्ये चालू जोडण्यांची यादी ठेवायला जागा थोडी असते. ती भरली की नव्या जोडण्या अडतात, आणि रीस्टार्टने यादी रिकामी होते. काही प्रोग्राम मेमरी घेतात आणि परत करायला विसरतात. अगदी विमानातही हा उपाय अधिकृतपणे सांगितला गेला आहे. बोइंग ७८७ ची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरचं नियंत्रण करणारी यंत्रणा बंद पडू शकते, म्हणून अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने २०१५ मध्ये त्याआधी वीज एकदा पूर्ण बंद करायचा आदेश काढला. शतांश सेकंद मोजणारा आकडा ३२ बिटांच्या (त्यातला एक बिट चिन्हाचा) खान्यात मावेनासा होतो तो २४८ दिवसांनीच. पण क्रम बघा. आधी कारण सापडलं, मग रीस्टार्टचं वेळापत्रक ठरलं.

याच्या उलट टोकाला आंद्रेस फ्रॉइंड. मार्च २०२४ मध्ये या प्रोग्रामरला आपल्या लिनक्सच्या चाचणी यंत्रावर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं. अर्धा सेकंद! एवढ्याशा उशिराला आपण "आज जरा स्लो आहे" म्हणून सोडून देतो. त्याने तो धागा सोडला नाही, आणि टोकाला एक्सझेड या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत कुणीतरी चोरदरवाजा पेरलेला सापडला. रीस्टार्ट करून तो अर्धा सेकंद गेला नसता.

आता घरच्यांचं काय? "बाबा, नेट गेलं!" अशी हाक आल्यावर पंचनामा करत बसणाऱ्याला घरात थारा मिळत नाही, आणि मिळू नये. म्हणून माझं ठाम मत आहे, की घराचं नेट आणि आपली प्रयोगशाळा एका खुंटीला टांगू नये. कंपनीच्या राउटरवर घर चालू द्यावं. सर्व्हर, पाय-होल, सगळी खटपट त्यामागच्या दुसऱ्या राउटरवर. तुमचा सर्व्हर बसला तरी मालिका थांबत नाही, आणि तुम्हाला तो मेलेल्या अवस्थेत निवांत तपासता येतो. पाय-होलचा लाभ घरालाही द्यायचाच असेल तर पाय-होल दोन ठेवा. एक पाय-होल आणि 'दुसरा पत्ता' म्हणून ८.८.८.८ भरून ठेवण्याची युक्ती लोकप्रिय आहे, पण बरीचशी यंत्रं दुसऱ्या पत्त्याला राखीव मानत नाहीत, मनाला येईल तेव्हा त्यालाही विचारतात. मग काही जाहिराती दिसतात, काही नाही, आणि शोधायला एक नवाच बिघाड मिळतो.

हे सगळं नको असलेल्यांनी निदान एक करावं. राउटरचं बटण दाबण्याआधी दिव्यांचा फोटो काढावा, वेळ टिपावी, आणि फायबर असेल तर त्याच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी वाचावी. हा आकडा उणे डीबीएममध्ये असतो आणि तीनने घसरला की प्रकाश निम्मा झाला असं समजायचं. उणे वीसच्या आसपास सुखरूप. उणे सत्तावीसच्या खाली गेला की नेहमीच्या जोडणीत लाल दिवा लुकलुकायला लागतो. कारण बहुधा फर्निचरमागे दुमडलेली पिवळी पॅच कॉर्ड. काचेची दुमड रीस्टार्टने सरळ होत नाही. मदतकेंद्राला "काल रात्री उणे बावीस होता, आता उणे अठ्ठावीस आहे" एवढं सांगून बघा. पलीकडचा मुलगा क्षणभर थांबतो, आणि मग तंत्रज्ञ कधी पाठवू म्हणून विचारतो.