पाण्याची वही उघडी हवी

खोपोलीचे वीजगृह १९१५ साली आणि भिवपुरीचे १९२२ साली सुरू झाले. घाटमाथ्यावर अडविलेले पाणी तेथे वीज निर्माण करून पाताळगंगा व उल्हास नद्यांना मिळते. पुढे त्याच पाण्यावर कारखाने, शेते व शहरे जगतात. एका प्रवाहाचे अनेक उपयोग होतात, हा धडा खालापूर-कर्जतच्या भूमीवर शतकापूर्वीच गिरविला गेला. कारखान्यांच्या ताळेबंदात मात्र केवळ पैसा दिसतो. आत आलेले पाणी व इंधन, बाहेर गेलेली उष्णता व सांडपाणी दिसत नाही. डेन्मार्कमधील कालुंडबोर्ग येथे एकाचे टाकाऊ ते दुसऱ्याचा कच्चा माल ठरते. पाताळगंगा औद्योगिक क्षेत्रातही असा जमाखर्च मांडला जावा, आणि तो कामगारांना व नदीकाठच्या ग्रामपंचायतींना तपासता यावा. नदी सर्वांची असेल, तर तिची वही मालकाच्या कपाटात बंद राहता कामा नये.