‘आता काही होणार नाही’ ऐकून उठू नका

वस्तीत घरोघरी फिरताना आम्हाला एक वाक्य नेहमी ऐकू येतं. ‘सिस्टर, डॉक्टर म्हणाले, आता काही होणार नाही.’ ऑपरेशन झालेलं असतं, चष्म्याने फरक पडत नाही. मग आजी खाटेवर बसून राहते, पोराची शाळा सुटते. नर्स असताना आम्हीही केसपेपरवर ‘फिंगर काउंटिंग’ म्हणजे ‘बोटं मोजण्याइतकीच नजर’ लिहिलं आणि कितीतरी पेशंट घरी पाठवले. ती आमची चूक होती.

न्यूयॉर्कचे विल्यम फाइनब्लूम हे ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्मा देणारे. पण ज्यांना साध्या चष्म्याने दिसत नाही, त्यांना त्यांनी सोडलं नाही. भिंतीवरच्या तक्त्यातलं सगळ्यात मोठं अक्षर दिसलं नाही की माणूस आंधळा ठरायचा. फाइनब्लूम यांनी मोठमोठ्या आकड्यांचा, पानं उलटायचा तक्ता केला. तो पेशंटच्या जवळ नेता येतो. नजर नेमकी किती उरली हे कळलं, की पुढचं काम सुरू होतं. दुर्बिणीसारखी भिंगं बसवलेले चष्मेही त्यांनी तयार केले. १९८५ साली ते वारले. फिलाडेल्फियातल्या एका दृष्टी पुनर्वसन केंद्राला त्यांचं नाव आहे.

या कामाने डोळा बरा होत नाही. उरलेली नजर वापरता येते. वही निम्म्या अंतरावर आणली की अक्षर दुप्पट मोठं दिसतं. जवळून वाचल्याने नजर जात नाही, म्हणून पोराला रागावू नका. जाड रेघांची वही, काळा मार्कर, बाजूने दिवा द्या. आजीला भात गडद रंगाच्या ताटात वाढा. भिंग मात्र तपासूनच घ्या.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानेही हे मानलं आहे. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत असेल, तर ती ‘लो व्हिजन’, म्हणजे अल्पदृष्टी.

आमचं म्हणणं दोनच गोष्टींचं आहे. बारावी सायन्स झालेल्या आपल्या मुलामुलींनी ऑप्टोमेट्रीचा विचार करावा. इंटर्नशिप धरून पदवी चार वर्षांची. चष्म्याच्या दुकानात नोकरी मिळेल, पण लो व्हिजनच्या एका पेशंटला पाऊण तास सहज जातो आणि विक्री थोडी होते. दुकानाला ते परवडत नाही. म्हणून सरकारी दवाखान्यांत या कामासाठी जागा हव्यात, आणि ती मागणी आपणच लावून धरली पाहिजे.

दुसरी गोष्ट आजच करता येईल. ‘काही होणार नाही’ असं सांगितलं तर खुर्चीवरून उठू नका. विचारा, ‘लो व्हिजनची तपासणी कुठे होते?’ आणि उत्तर केसपेपरवर लिहून घ्या.