नाकारा, पण गिळू नका!

आलेले पत्र नाकारण्याचा अधिकार ज्याच्या नावे ते आले त्याचा असतो, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. दारात आलेले रजिस्टर पत्र घेण्यास कोणी नकार दिला, तर पोस्टमन पाकिटावर तसा शेरा मारीत असे आणि ते पाकीट पाठवणाऱ्याकडे परत जात असे. पाठवणाऱ्याला वाईट वाटे. पण तो अंधारात राहत नसे. ई-मेलच्या जगात नकार आहे, शेरा मात्र पुष्कळदा नाही. पत्र निघते, समोरचा संगणक ते स्वीकारल्याची ग्वाही देतो आणि नंतर ते निमूटपणे नष्ट केले जाते. प्रेषक उत्तराची वाट पाहत बसतो. ज्याच्यासाठी पत्र होते त्याला ते आल्याचाही पत्ता नसतो.

अडवलेल्या प्रेषकाला तसे कळवावे की नाही, हा वाद जुना आहे. ‘कळवू नये’ म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. ऑगस्ट २००३ मध्ये ‘सोबिग-एफ’ आणि जानेवारी २००४ मध्ये ‘मायडूम’ या संगणक-कृमींनी जगभर धुमाकूळ घातला. हे कृमी प्रेषक म्हणून भलत्याच कोणाचा तरी पत्ता लिहीत. मग ज्यांनी पत्र पाठवलेच नव्हते, अशा निरपराध लोकांच्या पेट्या ‘तुमचे पत्र विषाणूग्रस्त आहे’ अशा परतपत्रांनी भरून गेल्या. चोराने दुसऱ्याचे नाव सांगावे आणि पोलिसांनी त्याच्याच दारात वरात काढावी, तसा हा प्रकार! या कटू अनुभवातून अनेक व्यवस्थापकांनी मौनाचा मार्ग धरला.

परंतु रोग ओळखला, तरी औषध चुकले. दोष कळवण्यात नव्हता. आधी पत्र घरात घेऊन, मागाहून त्यावर लिहिलेल्या पत्त्यावर आंधळेपणाने परतपत्र धाडण्यात होता. ई-मेलची वाहतूक ज्या ‘एसएमटीपी’ पद्धतीने होते, तिच्यात नकाराची याहून चांगली सोय १९८२ पासून आहे. पाठवणारा आणि घेणारा संगणक यांचा संवाद चालू असतानाच घेणाऱ्याने ‘५५०’ हा आकडा उच्चारला, की पत्र दारातच नाकारले गेले. ते कोणाचे होते हे पाठवणाऱ्या संगणकाला ठाऊक असते आणि आपल्या ग्राहकाला कळवण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. पत्र खरे असेल, तर खऱ्या प्रेषकाला निरोप मिळतो. ते एखाद्या कृमीने थेट पाठवले असेल, तर तो कृमी कोणाला काही कळवायला जात नाही आणि तिऱ्हाइताला उपद्रव होत नाही. मग स्वीकाराची ग्वाही देऊन पत्र गिळण्याचे समर्थन उरते कोठे?

या पद्धतीचे नियम सांगणारा ऑक्टोबर २००८ चा ‘आरएफसी ५३२१’ हा दस्तऐवज येथे निःसंदिग्ध आहे. पत्र एकदा स्वीकारले, की ते पोहोचवण्याची जबाबदारीही स्वीकारली. खोट्या पत्त्यांचा धोका ओळखून तो मौनाने पत्र टाकून देण्यास वाव देतो. पण पत्र गंभीर फसवणुकीचे वा अन्यथा अनुचित असल्याची फार मोठी खात्री असेल तरच. अपवादाची ही खिडकी आहे. तिचा महादरवाजा करण्याची मुभा कोणी दिली?

भारतीय वाचकाने आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १३ नुसार, उभयपक्षी वेगळे काही ठरले नसेल, तर ठरवून दिलेल्या संगणकयंत्रणेत संदेश शिरला की तो मिळाला असे धरले जाते. म्हणजे जी नोटीस मधल्या चाळणीने गिळली, ती ‘मला मिळालीच नाही’ हे पटवून देण्याचे ओझे बिचाऱ्या ग्राहकावर! चाळणीचे मौन प्रेषकालाच नव्हे, तर ज्याच्या रक्षणासाठी ती बसवली त्यालाही गोत्यात आणू शकते.

येथे एक भेद मात्र काटेकोरपणे पाळला पाहिजे. एखाद्या स्त्रीने त्रास देणाऱ्या माणसाचा पत्ता स्वतःच्या पेटीपुरता बंद केला, तर त्याला ‘तुला बंद केले आहे’ असे कळवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. जीमेलमध्ये अशा प्रेषकाची पत्रे ‘स्पॅम’ कप्प्यात जातात आणि त्याला काही कळत नाही. हे योग्यच आहे. पत्र तिच्या घरात आले आहे; ते वाचायचे की नाही, हा तिचा प्रश्न. ती कोणाला खुलासा देणे लागत नाही. टपाल वाहणारी कंपनी किंवा कार्यालयाची यंत्रणा मात्र तो देणे लागते. व्यक्तीचे मौन हा हक्क आहे. मध्यस्थाचे मौन ही कर्तव्यच्युती आहे.

‘नकार कळवला तर जाहिरातबाज शहाणे होतील’, ही शेवटची सबब. शेरा मारायचा म्हणजे चाळणीची रचना उघड करायची असे नाही. ‘नाकारले’ एवढे पुरते. शिवाय हे व्यवहारात जमते, याचा दाखला बड्या कंपन्यांनीच दिला आहे. फेब्रुवारी २०२४ पासून गुगलने, जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० वा अधिक पत्रे धाडणाऱ्यांना आपली ओळख सिद्ध करणे बंधनकारक केले आणि नियम मोडणाऱ्यांना त्रुटीचा आकडा देऊन नाकारण्याचे धोरण आखले. घाऊक पत्रे धाडणाऱ्या व्यापाऱ्याला जे सौजन्य मिळते, ते नोकरीचा एकच अर्ज धाडणाऱ्या तरुणाला का मिळू नये?

आपल्या कार्यालयाची, संस्थेची वा बँकेची ई-मेल यंत्रणा नाकारलेल्या पत्रांचे काय करते, हा प्रश्न प्रत्येक ग्राहकाने विचारलाच पाहिजे. दार लावून घेणाऱ्याशी भांडण नाही. भांडण आहे ते हात पुढे करून पत्र घेणाऱ्या आणि पाठ वळताच ते चुलीत घालणाऱ्या द्वारपालाशी!