नवसागराचा धूर

पितळेच्या भांड्यांना कल्हई लावताना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना नवसागर निराळा सांगायला नको. भात्याने निखारे फुलवावेत, भांडे तापवावे, नवसागराची पूड टाकून कथील कापसाच्या बोळ्याने आतून फिरवावे. त्यासरशी पांढरा, नाकाला झोंबणारा धूर उठे आणि भांडे रुपेरी होऊन बाहेर पडे. स्टीलच्या भांड्यांनी कल्हईवाल्याला हद्दपार केले. आमच्या ग्वाल्हेर-लष्करच्या जुन्या वाड्यांतूनही त्याची आरोळी आता ऐकू येत नाही. नवसागर मात्र गेलेला नाही. उत्तरेच्या हिवाळ्यात तो भर हवेतच तयार होतो असे म्हटले, तर वाचकांना ती अतिशयोक्ती वाटेल. पण वस्तुस्थिती तशी आहे.

नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात. थंड हवेत ते पुन्हा एकत्र येतात आणि बारीक पांढऱ्या कणांचा धूर दिसू लागतो. आमचे शिक्षण मराठी साहित्याचे. तरीही विज्ञानाच्या तासाला मागच्या बाकावर बसून आम्ही हा प्रयोग अनेकदा कौतुकाने पाहिला आहे. अमोनियाच्या बाटलीच्या तोंडाशी हायड्रोक्लोरिक आम्लात बुडवलेली काचेची कांडी नेली, की दोन अदृश्य वायूंतून डोळ्यांदेखत ढग निर्माण होतो. दिल्लीच्या हिवाळी धुरकटात हीच क्रिया मोठा वाटा उचलते, असे मद्रासच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी आपल्या परदेशी सहकाऱ्यांसह २०२१ साली दाखवून दिले. प्लॅस्टिकमिश्रित कचरा जाळल्याने आणि काही कारखान्यांतून आम्लाची वाफ हवेत जाते. गारठ्यात तिला अमोनिया भेटतो. झालेले कण हवेतली ओल शोषून फुगतात आणि चार पावलांपुढचा रस्ता दिसेनासा होतो.

अमोनियाची सोयरीक एवढ्यावर थांबत नाही. दगडी कोळशाच्या धुरातील गंधकापासून हवेत गंधकाम्ल बनते, मोटारींच्या धुरापासून नत्राम्ल; या दोघांशीही अमोनियाचे जमते. अमोनियम सल्फेट आणि अमोनियम नायट्रेट या नावांचे जे सूक्ष्म कण त्यातून निपजतात, ते अडीच मायक्रॉनांहून लहान असल्याने फुप्फुसाच्या तळापर्यंत पोहोचतात. म्हणजे ज्याला आपण धूळ म्हणतो, तिच्यातला बराच भाग धूळ नसतोच. तो वायूंपासून हवेत तयार झालेला असतो. पाणी शिंपडून आणि रस्ते झाडून तो कमी होईल, ही अपेक्षा व्यर्थ आहे.

आता सरकारी मोजमापाकडे वळू. २००९ साली जी राष्ट्रीय मानके जाहीर झाली, त्यांत अमोनियाला स्थान मिळाले, ही गोष्ट स्वागतार्हच. चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ४०० मायक्रोग्रॅम आणि वर्षाची सरासरी १००. पुढे २०१५ पासून जो हवेचा निर्देशांक रोज प्रसिद्ध होऊ लागला, त्यातल्या आठ घटकांतही अमोनिया आहे. पण २०० मायक्रोग्रॅमपर्यंतच्या अमोनियाला तेथे 'उत्तम' असा शेरा मिळतो, आणि शहराचा निर्देशांक ठरतो तो सर्वांत वाईट घटकावरून. परिणामी अमोनियाचे नाव ठळक अक्षरांत कधी येतच नाही. स्वतः विषासारखा वागत नाही म्हणून तो निर्दोष, आणि त्याच्या साहाय्याने घडलेले कण मात्र दोषी! वर्गात खोड्या घडवून आणणारा आणि स्वतः हाताची घडी घालून बसणारा विद्यार्थी कोणत्या शिक्षकाला ठाऊक नाही?

हा येतो कोठून? मुख्यतः शेतांतून आणि गोठ्यांतून. गोणीतला युरिया आणि मूत्रातला युरिया हा पदार्थ एकच; मातीतले व घाणीतले जंतू दोन्हींचा अमोनिया करतात. देशात वर्षाला साडेतीन कोटी टनांच्या घरात युरिया वापरला जातो, आणि तो मातीआड न करता नुसता वर फेकला, तर त्यातला चांगलाच हिस्सा उडून जातो. उपग्रहांवरून जगाचे अमोनियाचे नकाशे काढले गेले, त्यांत गंगा-सिंधूचे मैदान सर्वांत ठळक उमटले. शहराची भर वेगळी: वस्तीतले गोठे, उघडी गटारे, कुजणारा कचरा. आमच्या गावची स्वर्णरेखा ही एके काळची नदी सांडपाणी वाहते आहे, हे ग्वाल्हेरकरांना सांगायला नको. त्यात आणखी एक गंमत अशी, की पेट्रोल मोटारींच्या धुरातली नत्राची ऑक्साइडे नाहीशी करण्यासाठी जे उत्प्रेरक-यंत्र बसवतात, ते कधी कधी काम गरजेपेक्षा पुढे नेते आणि त्यांचा अमोनिया करून सोडते.

तेव्हा अमोनिया थोडासा कमी केला की हवा स्वच्छ होईल काय? दुर्दैवाने तसे नाही. उत्तर भारतात तो गरजेहून इतका अधिक आहे, की कण किती बनणार हे आम्लांवर ठरते. अमोनियाबरोबर गंधक आणि नत्राचे धूरही आवरले पाहिजेत. कोळशाच्या वीजकेंद्रांनी धुरातला गंधक धुऊन काढावा, असा नियम २०१५ च्या डिसेंबरात झाला. मुदती वाढत गेल्या, आणि २०२५ च्या जुलैत बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच देण्यात आली. आम्हाला हा निर्णय पटलेला नाही. उत्तरेच्या हवेत जोडीदार वाट पाहतच उभा असताना गंधकाला मोकळे रान देणे शहाणपणाचे नव्हे.

शेती आणि वीज आपल्या हाती नाहीत; मुतारी आहे. शब्द शिष्ट नसेल, पण शाळांच्या वास्तूंत सर्वांत दुर्लक्षित जागा तीच. डोळ्यांना झोंबेल असा अमोनिया तेथे येत असेल, तर तो बाहेरच्या हवेच्या मर्यादेच्या कितीतरी पट असतो, आणि पाच मिनिटांत नाक त्याला सरावते. म्हणून शेजारच्या वर्गातली मुले तक्रार करीत नाहीत. शिपाई महिन्यातून एकदा ॲसिड ओततो. पांढरा धूर उठतो, तोही नवसागरच. त्यावर ब्लीचिंग पावडर टाकली तर मात्र प्रकरण गंभीर होते. ॲसिड आणि ब्लीचिंग यांतून क्लोरीन सुटतो, मूत्रातला अमोनिया आणि ब्लीचिंग यांतून क्लोरामाइन. दोन्ही छातीला घातक, आणि कोंदट जागेत जिवावर बेतणारे. आमच्याकडे आता रोज दोनदा भरपूर पाणी, ॲसिडला बंदी, ब्लीचिंग पावडर पाण्याने धुऊन झाल्यावरच आणि खिडक्या उघड्या, असा नियम भिंतीवर लावला आहे. घरच्या संडासालाही तो लागू आहे. साफसफाईच्या दोन बाटल्या एकाच बादलीत ओतणाऱ्या मंडळींनी तेवढे ध्यानात ठेवावे.