पुन्हा एकदा 'श्यामची आई'

मुलांनो, सुट्टीत घरातील सर्वजण मिळून एखादा जुना चित्रपट पाहायला बसतात. तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी हमखास म्हणतो, "पाहिलेला चित्रपट पुन्हा कशाला पाहायचा? गोष्ट तर ठाऊकच आहे!" मला हे म्हणणे पटत नाही. का, ते सांगते.

'श्यामची आई' हा चित्रपट घ्या. साने गुरुजींनी हे पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यावर आचार्य अत्रे यांनी १९५३ साली चित्रपट काढला. वनमालाबाई आई झाल्या आणि माधव वझे हे लहानगा श्याम. १९५४ साली देशात प्रथमच राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार दिले गेले, तेव्हा राष्ट्रपतींचे सुवर्णपदक याच चित्रपटाला मिळाले. त्यात रंग नाहीत, मारामारी नाही. कोकणातील एक गरीब होत गेलेले घर आहे आणि एक आई आहे.

त्यातील पोहण्याचा प्रसंग आठवा. श्याम विहिरीच्या पाण्याला घाबरतो व लपून बसतो. आई त्याला शोधते, मारते आणि पोहायला पाठवते. लहानपणी हे पाहताना आपल्याला आईचा राग येतो. दोन-चार वर्षांनी तोच प्रसंग पुन्हा पाहा. आपल्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये, म्हणून तिने मन किती घट्ट केले, हे तेव्हा कळते. मुलांना मारणे आज आपण योग्य मानत नाही. मग श्यामच्या आईने काय करायला हवे होते? हा प्रश्न अम्मीला विचारा. तिचे उत्तर तुमच्यापेक्षा वेगळे असेल.

कर्जवसुलीसाठी सावकाराचा माणूस दारात येतो, तेव्हा अब्बांच्या चेहऱ्याकडे पाहा. ज्याने घर चालवले आहे, त्याला या प्रसंगाचा अर्थ मुलांपेक्षा जास्त समजतो. एरवी न सांगितलेली एखादी जुनी गोष्ट ते त्या दिवशी कदाचित सांगतील. एकट्याने मोबाइलवर चित्रपट पाहिला, तर ही गोष्ट कोण सांगणार?

आणखी एक फायदा आहे. दादीला किंवा नानीला मराठी येत नसेल, तर तिच्याशेजारी बसा व संवादांचा अर्थ उर्दूत सांगत जा. पहिल्या वेळी तुमची धांदल उडेल. दुसऱ्या वेळी शब्द सहज सुचतील. 'कर्ज', 'अब्रू' असे काही शब्द तर तिला न सांगताच समजतील, कारण ते तिच्याही बोलण्यात आहेत. परीक्षेतील गुणांसाठी शिकलेली मराठी अशी घरात उपयोगी पडली, की ती आपली वाटू लागते.

म्हणून येत्या सुट्टीत हा चित्रपट घरच्यांसोबत पाहा. आधी पाहिला असेल, तरीही पाहा. शाळा उघडल्यावर वर्गात सांगा, दादीने तुम्हांला कोणकोणत्या शब्दांचे अर्थ विचारले.