सुट्टीतील उमेदवारी

सुतारकाम शिकायचे असेल, तर मुलगा एखाद्या जाणत्या सुताराच्या हाताखाली उमेदवारी करतो. रंधा कसा धरावा, हे त्याला पुस्तक वाचून कळत नाही. निसर्गाचे रक्षण हेसुद्धा एक कामच आहे. मग ते केवळ घोषणा पाठ करून येईल, असे आपण का मानतो?

शाळेत आपण पर्यावरणाचा प्रकल्प करतो. बाजारातून चित्रे आणतो, वहीत चिकटवतो, मजकूर कोठून तरी उतरवून घेतो. वही भरते, गुणही मिळतात. पण शाळेच्या आवारातील झाडावर कोणते पक्षी राहतात, हे आपल्याला सांगता येत नाही. ज्याचे नावही ठाऊक नाही, ते नाहीसे झाले तर आपल्याला कसे कळणार? म्हणून मला वाटते, की प्रत्येक विद्यार्थ्याने सुट्टीतील पंधरा दिवस तरी निसर्गाच्या जाणकाराबरोबर काम करावे. आज याला इंटर्नशिप म्हणतात. आपला जुना शब्द उमेदवारी.

सालिम अली यांचेच उदाहरण पाहा. त्यांचा जन्म १८९६ साली मुंबईत झाला. लहानपणी त्यांनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ती कोणती चिमणी, हे घरात कोणालाच सांगता येईना. तेव्हा मामांनी त्यांना १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले. तेथील सचिव मिलार्ड यांनी मुलाला हसून परत पाठवले नाही. त्यांनी कपाटांचे खण उघडून जतन केलेले पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. हाच मुलगा पुढे थोर पक्षितज्ज्ञ झाला. १९३० साली अलिबागजवळच्या किहीम गावी राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा बारकाईने अभ्यास केला. नर अर्धे घरटे विणतो आणि मादीला ते पसंत पडले, तरच पुरे करतो, हे त्यांनी स्वतः पाहून नोंदवले. एका मोठ्या माणसाने एका मुलाला दिलेला थोडा वेळ किती फळाला आला!

अशी उमेदवारी आज आपल्या गावातही करता येईल. २००२ सालच्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने आणि नगरपालिकेने एक समिती नेमायची असते. ही समिती लोकांच्या मदतीने ‘लोक जैवविविधता नोंदवही’ तयार करते. गावातील झाडे, मासे, पक्षी, औषधी वनस्पती आणि त्यांविषयी लोकांना असलेली माहिती या वहीत लिहायची असते. ही माहिती दादी-नानीजवळ असते, कोळ्याजवळ असते, मेंढपाळाजवळ असते. ती वेळीच लिहून घेतली नाही, तर त्यांच्याबरोबरच जाईल. या कामी उर्दू शाळेतील मुले फार उपयोगी पडतील. उर्दूत ज्याला आपण बया म्हणतो, तोच मराठीतील सुगरण. दोन्ही घरांत जाऊन दोन्ही नावे विचारणारा विद्यार्थी समितीला हवाच आहे.

काही पालक म्हणतील, ‘यात अभ्यासाचा वेळ जाईल, मुलींना दूर कसे पाठवायचे?’ त्यांची काळजी खरी आहे. पण त्यासाठी दूरच्या जंगलात जावे लागत नाही. गावचा ओढा, कबरस्तानातील जुनी झाडे हीसुद्धा अभ्यासाची ठिकाणे आहेत. मुंबई-ठाण्याच्या मुलांजवळ तर ठाण्याची खाडी आहे. तेथे २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झाले. शाळांनीही उतरवलेल्या प्रकल्पाऐवजी अशा नोंदींना गुण द्यावेत.

एक सूचना मात्र संस्थांसाठी. विद्यार्थ्यांच्या हाती फलक देऊन त्यांना मिरवणुकीत फिरवायचे आणि शेवटी प्रमाणपत्र वाटायचे, याला उमेदवारी म्हणत नाहीत. जेथे शिकवणारा कोणी नाही, तेथे ती नुसती वेठ होते.

मित्रांनो, प्रमाणपत्र कपाटात पडून राहते. पण ओढ्याकाठी तुम्ही तारखेसह केलेली एक खरी नोंद वीस वर्षांनी दुसऱ्या मुलाला सांगेल, की येथे पूर्वी कोण कोण राहत होते.