भाषण पाठ नको, वाद घालायला शिकवा: मोताळा तालुक्यातील तरुणींचे मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, बुलढाणा
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, बुलढाणा
मा. जिल्हा पोलीस अधीक्षक, बुलढाणा
मा. कुलगुरू, संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठ, अमरावती
मार्फत: मा. तहसीलदार, मोताळा

विषय: तालुक्यातील १६ ते २१ वयोगटातील मुलींना वादविवादाचे आणि सोशल मीडिया वापराचे नियमित प्रशिक्षण मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

आम्ही मोताळा तालुक्यातल्या अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या विद्यार्थिनी, शिक्षण संपवून गावीच असलेल्या तरुणी, बचत गटांतल्या आमच्या आया आणि काही शिक्षिका मिळून हे मागणीपत्र सादर करीत आहोत. आमची मागणी थोडक्यात अशी: सार्वजनिक ठिकाणी मुद्देसूद बोलणे आणि मोबाइलवर सुरक्षितपणे, ठामपणे वावरणे या दोन गोष्टी आम्हाला रीतसर शिकवाव्यात. आम्हाला गप्प बसवून सुरक्षित ठेवण्याचा मार्ग आता पुरे झाला.

हे आम्ही का मागतो

महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींमध्ये महिलांना ५० टक्के आरक्षण आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेली, मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक मुलगी ग्रामसभेची सदस्य असते आणि एकविसाव्या वर्षी ती ग्रामपंचायतीची निवडणूक लढवू शकते. म्हणजे कायद्याने आमच्यासाठी खुर्ची मांडून ठेवली आहे. त्या खुर्चीवर बसून बोलायचे कसे, हे मात्र शाळेपासून पदवीपर्यंत कोणी शिकवत नाही. मग बाई निवडून येते, कागदावर सही करते आणि बैठकीत ‘सरपंच पती’ बोलतात. त्या बाईत काही कमी असते म्हणून हे होत नाही. सोळा ते एकवीस ही बोलायला शिकण्याची वर्षे रिकामी गेली, म्हणून होते.

आमच्याकडे वक्तृत्व स्पर्धा होतात, हे मान्य. त्या कशा होतात तेही सांगतो. विषय येतो ‘स्त्री भ्रूणहत्या’ किंवा ‘मोबाइल: शाप की वरदान’. सर भाषण लिहून देतात, मुलगी ते आठवडाभर पाठ करते. मंचावर हात कुठे उचलायचा आणि आवाज कुठे चढवायचा, तेही ठरलेले असते. घंटा वाजते, टाळ्या पडतात, प्रमाणपत्र मिळते. “तू म्हणालीस ते कशावरून?” असा एक प्रश्न तिला कोणी विचारत नाही. ज्या जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलांमागे ८५५ मुली होत्या, तिथल्या मुलीला या विषयावर स्वतःचे असे काही म्हणायचे असेल, हे कोणाच्या मनातही येत नाही.

मोबाइलचेही तसेच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात कधीतरी इंटरनेट वापरलेल्या महिला सुमारे ३८ टक्के, तर पुरुष सुमारे ६१ टक्के होते. त्यानंतर फोन वाढले, पण बऱ्याच घरांत तो भावाचा किंवा वडिलांचा असतो आणि मुलीच्या हाती येतो तो ‘काय पाहत होतीस’ या प्रश्नासकट. काही विपरीत घडले की पहिला उपाय म्हणजे फोन काढून घेणे, दुसरा कॉलेज बंद करणे आणि तिसरा स्थळ पाहणे. या भीतीपोटी मुली घरी सांगतच नाहीत, आणि त्रास देणाऱ्याचे नेमके याच गप्प बसण्यावर फावते.

या मातीतला दाखला

ज्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे पुस्तक लिहिले, त्या बुलढाण्याच्या. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे तिथल्याच सरकारी कचेरीत नोकरीला होते आणि सत्यशोधक समाजाशी जोडलेले होते. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवर बालहत्येचा खटला चालला. त्यावरून वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीलाच दूषणे देणारा मजकूर आला, तेव्हा ताराबाईंनी लेखणी उचलली. स्त्रियांवरचा एकेक आरोप घ्यायचा, तोच दोष पुरुषांत किती आहे ते दाखवायचे आणि न्याय मागायचा, अशी त्यांच्या पुस्तकाची मांडणी आहे. वादविवादाच्या भाषेत त्याला खंडन म्हणतात. पुस्तक १८८२ साली पुण्यात छापले गेले. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष दिली. त्याआधी, १८५५ साली, फुले दांपत्याच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला होता.

पुढे काय झाले, तेही ध्यानात घ्यावे. ताराबाईंच्या पुस्तकाची हेटाळणी झाली. जोतीराव फुले आपल्या ‘सत्सार’ या नियतकालिकातून त्यांच्या पाठीशी उभे राहिले, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक आले नाही. हे पुस्तकही जवळजवळ विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा नव्या पिढीला ते कळले. बुद्धी होती, धैर्य होते, भाषा होती. नव्हते ते सोबतिणींचे बळ, सरावाची जागा आणि हल्ला झाला तर पाठीशी उभी राहणारी व्यवस्था. आमच्या सगळ्या मागण्या या तीन गोष्टींच्या आहेत.

आमच्या मागण्या

१. प्रत्येक कनिष्ठ व वरिष्ठ महाविद्यालयात वादविवाद मंडळ सुरू करावे आणि त्यासाठी वेळापत्रकात आठवड्याला एक तास राखून ठेवावा. विषय इथले असावेत: नळगंगा धरणाच्या पाण्याचे वाटप, कापूस की मका, गावातली दारू, मुलीच्या लग्नाचे वय. प्रत्येक मुलीने एकाच विषयावर एकदा अनुकूल आणि एकदा प्रतिकूल बाजू मांडावी. समोरच्याची बाजू त्याच्यापेक्षा चांगली मांडता आली की राग आपोआप कमी होतो आणि मुद्दा धारदार होतो. भाषणानंतर प्रश्नोत्तरे सक्तीची असावीत. शिक्षकांच्या प्रशिक्षणाची जबाबदारी विद्यापीठाने विद्यार्थी विकास विभाग आणि राष्ट्रीय सेवा योजना यांच्यामार्फत घ्यावी.

२. वऱ्हाडी बोलीसाठी गुण कापू नयेत. “आमच्या गावात नळाले चार दिसाआड पानी येते, अन् इचारलं तं टाकी फुटली मंते,” असे एखादी मुलगी म्हणते तेव्हा तिने वस्तुस्थिती सांगितलेली असते, वारंवारता सांगितलेली असते आणि जबाबदार माणसाचे उत्तरही नोंदवलेले असते. तिला ‘उच्चार अशुद्ध’ म्हणून खाली बसवले की ती पुन्हा उठत नाही. प्रमाण मराठी आम्ही शिकूच, अर्ज त्याच भाषेत करावा लागतो. पण परीक्षकांच्या गुणपत्रिकेत मुद्दा, पुरावा आणि खंडन यांना पहिले स्थान असावे.

३. महिला सभा खरोखर भरवाव्यात. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घेण्याची तरतूद ग्रामपंचायत अधिनियमात आहे. ती सभा रजिस्टर घरोघरी फिरवून होऊ नये. तिची तारीख आणि विषय सात दिवस आधी फलकावर व गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकावेत. वादविवाद मंडळातल्या अठरा वर्षांवरील मुलींना तिथे ठराव मांडण्याची संधी द्यावी आणि त्या ठरावांचे ग्रामसभेत काय झाले, ते लेखी कळवावे.

४. संगणक प्रशिक्षणात सोशल मीडियाचा भाग घालावा. जिल्हा परिषदेच्या महिला व बालकल्याण समितीमार्फत मुलींसाठी संगणक प्रशिक्षणाची योजना चालते. तिला जोडून निदान तीस तासांचा अभ्यासक्रम असावा. त्यात पुढील गोष्टी हव्यात: खात्याची दुहेरी पडताळणी आणि प्रोफाइल फोटो कोणाला दिसावा याची सेटिंग, आलेला मेसेज पुढे पाठवण्याआधी त्याचा उगम तपासणे, गावच्या प्रश्नावर एक मिनिटाचा व्हिडिओ करणे, माहिती अधिकाराचा अर्ज ऑनलाइन भरणे, आणि बचत गटाच्या पापड-कुरडयांसाठी व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाची यादी लावणे.

५. त्रास झाल्यास काय करावे, हे प्रत्येक मुलीला आधीच शिकवावे. डीपीवरचा फोटो उचलून कोणी बनावट खाते काढले, तर घाबरलेली मुलगी सर्वात आधी सगळे डिलीट करून टाकते. त्यासोबत पुरावाही जातो. खात्याची लिंक, तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट आणि आलेले मेसेज जपून ठेवायचे, मग कंपनीकडे तक्रार करायची, १९३० या हेल्पलाइनला किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवायचे. हा क्रम प्रत्येकीला तोंडपाठ हवा. दुसऱ्याच्या ओळखीचा गैरवापर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क नुसार गुन्हा आहे आणि इंटरनेटवरून पाठलाग करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार. हे माहीत असलेली मुलगी पोलीस ठाण्यात रडत जात नाही, तक्रार घेऊन जाते.

६. बोराखेडी आणि धामणगाव बढे या दोन्ही पोलीस ठाण्यांत सायबर तक्रारींचे प्रशिक्षण घेतलेली महिला अंमलदार नेमावी. तिचे नाव आणि कामाची वेळ महाविद्यालयाच्या सूचना फलकावर असावी. “तू फोटो टाकलाच कशाला?” हा प्रश्न तक्रार घेताना विचारला जाणार नाही, अशी लेखी सूचना द्यावी.

७. मत मांडल्याबद्दल मुलींना धाक दाखवू नये. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. त्या घटनेनंतर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ अ विरोधात सर्वोच्च न्यायालयात याचिका झाली आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात ते कलम रद्द ठरले. त्या दोघींच्या अटकेची भीती अजून आमच्या आईवडिलांच्या मनात आहे. कायदेशीर टीका आणि बदनामी यांतला फरक आम्हाला शिकवावा. आम्ही तो पाळू. प्रशासनानेही पाळावा.

८. हे सगळे एसटीच्या वेळेत बसवावे. धामणगाव बढे, पिंपळगाव देवी, रोहिणखेड अशा गावांतल्या मुलींचा दिवस बसच्या वेळापत्रकावर चालतो. पाच वाजता सुरू होणारी स्पर्धा आमच्यासाठी नसल्यात जमा असते. शिबिरे सकाळी ११ ते ३ या वेळेत घ्यावीत. बुलढाण्याला किंवा अमरावतीला स्पर्धा असेल तर सोबत शिक्षिका, प्रवासखर्च आणि मुक्कामाची सुरक्षित सोय असावी.

९. मुलग्यांना आणि पालकांनाही यात घ्यावे. त्रास देणारे खाते बहुतेकदा ओळखीच्याच कोणाचे निघते. म्हणून संमती, फोटो पुढे पाठवण्याचे परिणाम आणि कायदा हे विषय मुलग्यांच्या वर्गात तितक्याच गांभीर्याने शिकवावेत. पालकांसाठी सत्रातून एकदा बैठक घ्यावी आणि तीत मुलींनीच बोलावे.

खर्चाबाबत

या मागण्यांसाठी नवे अंदाजपत्रक लागत नाही. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी त्यातला काही भाग एकत्र दिला, तर प्रशिक्षक, प्रवास आणि चार-पाच सामायिक टॅब यांचा खर्च निघू शकतो. जागेसाठी पंचायत समितीचे सभागृह आणि महाविद्यालयांची ग्रंथालये आहेत. हा निधी कशावर खर्च झाला, याचा गावनिहाय तपशील आम्हाला द्यावा, अशीही विनंती आहे.

आमचा वाटा

आम्ही नुसते मागून थांबणार नाही. प्रशिक्षण घेतलेली प्रत्येक मुलगी आपल्या गावातल्या आठवी ते दहावीच्या पाच मुलींना शिकवेल. दर महिन्याला एका गावी खुली वादसभा घेऊ आणि तिचा अहवाल तहसील कार्यालयात देऊ. सोशल मीडियावर आमच्या गटाकडून चुकीची माहिती गेली, तर ती त्याच ठिकाणी दुरुस्त करू.

विनंती

या मागण्यांवर तहसीलदारांच्या अध्यक्षतेखाली संबंधित विभागांची संयुक्त बैठक तीस दिवसांत बोलवावी आणि तीत आमच्या पाच प्रतिनिधींना स्थान द्यावे. पहिले वादविवाद शिबिर येत्या ३ जानेवारीला, सावित्रीबाई फुले जयंतीला, मोताळ्यात सुरू व्हावे. हार घालून आणि भाषणे करून तो दिवस दरवर्षी साजरा होतोच. यंदा त्या दिवशी मुलींना प्रश्न विचारू द्यावेत आणि उत्तरे द्यायला आपण स्वतः उपस्थित राहावे.

एखादी मागणी मान्य होण्यासारखी नसेल, तर तिचे कारण आम्हाला लेखी कळवावे. त्या कारणाचे उत्तर आम्ही मुद्देसूद देऊ.

आपल्या विश्वासू,
मोताळा तालुक्यातील विद्यार्थिनी, तरुणी, माता व शिक्षिका